पावती खोक्याची, भांडण आतल्या मालाचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले तीन आठवडे ऑनलाइन खरेदीवरून जुंपली आहे. आधी एका वाचकांनी लिहिलं की खोकं आलं, पण आतली अर्धी वस्तू नव्हती, हे विक्रेते चोर आहेत. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांनी कुरियरवाल्यांना धरलं. मग एका विक्रेत्यांनी उत्तर दिलं की गिऱ्हाइकंच वस्तू ठेवून घेतात आणि वर पैसेही परत मागतात. चोर कोण, हे तिघांनाही खोकं उघडल्याच्या दुसऱ्या मिनिटाला ठाऊक होतं. मीही विक्रेतीच आहे. एकदा मलाही ते असंच ठाऊक झालं होतं, म्हणून हे पत्र.

मी सव्वीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ स्टोअरकीपर म्हणून. निवृत्त झाल्यावर शिलाई मशीनचे सुटे भाग घरून विकायला लागले. बॉबीन (खालच्या दोऱ्याचं रीळ), ते बसवायची बॉबीन केस, शटल, वेगवेगळे फूट (सुईखाली कापड दाबून धरणारे भाग), सुयांची पाकिटं, मशीनची कव्हरं. सून ऑर्डरी आणि फोटो सांभाळते, मी माल काढते आणि बांधते. महिन्याला शंभराच्या आसपास पार्सलं जातात. धंदा मोठा नाही, पण हे भाग बारके असल्यामुळे ‘एक नग कमी आला’ ही तक्रार माझ्याइतकी फार थोड्यांना ऐकावी लागत असेल.

पहिली तक्रार आली तेव्हा सुरुवातीचे दिवस होते. एका बाईंनी सात नगांचा संच मागवला होता. त्यांचा निरोप आला, “ताई, बॉबीन केस नाहीये यात.” मी लिहिलं, मी स्वतः भरलंय, सव्वीस वर्षं माल मोजलाय, नीट बघा. त्यांनी चादरीवर सहा वस्तू मांडून फोटो पाठवला. त्यावर मी जे लिहिलं ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी लिहिलं, “सातवी वस्तू बाजूला ठेवून फोटो कुणालाही काढता येतो.” पुढे त्यांचं काही उत्तर आलं नाही.

सहा आठवड्यांनी टेबलाचा खण साफ करताना मागच्या कोपऱ्यात कागदाची एक पुडी मिळाली. वर माझ्याच अक्षरात त्यांच्या ऑर्डरचा नंबर. केस जरा कोरडी वाटली म्हणून तेलाचा थेंब टाकायला मी ती बाजूला काढली होती, मध्येच दार वाजलं, आणि परत आल्यावर सहा नगांवर खोकं बंद केलं. मी बाईंना फोन केला, माफी मागितली, केस आणि पैसे दोन्ही पाठवते म्हणाले. त्या म्हणाल्या, “राहू द्या ताई, मी दुसरीकडून घेतली. पण तुमचा तो निरोप माझ्या मुलीनं वाचला होता.”

कारखान्यात आमच्या साहेबांची शिस्त होती. माल शॉर्ट आला की आधी आपलं कपाट बघायचं, मग गाडी, मग समोरच्या पार्टीला पत्र. मी सव्वीस वर्षं ती पाळली आणि स्वतःच्या धंद्यात पहिल्याच वेळी थेट पार्टीवर घसरले.

त्यानंतर मी तराजू आणला. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, साधा. स्टोअरमध्ये वॉशर कुणी मोजत बसत नाही. शंभर नग मोजून त्यांचं वजन करायचं आणि बाकीच्या गोणीचा आकडा त्या हिशेबानं काढायचा. तेच इथे लावलं. प्रत्येक भागाचं सुटं वजन वहीत आहे. माल मांडून एक फोटो, भरलेल्या उघड्या खोक्याचा दुसरा, आणि टेप मारून, पत्ता चिकटवून तराजूवर ठेवलेल्या खोक्याचा तिसरा, त्यात आकडा आणि पत्त्याची पट्टी दोन्ही दिसतील असा. प्रत्येक आतल्या पिशवीत ऑर्डर नंबराची चिठ्ठी. ही चिठ्ठी गिऱ्हाइकासाठी नसते. खोक्याचा कोपरा फुटून पिशवी कुरियरच्या छाटणीच्या (गावागावांचा माल वेगळा करण्याच्या) सरकत्या पट्ट्यावर पडली, तर उचलणाऱ्याला ती कुठली हे कळावं म्हणून. धातूचा जड भाग मोकळा हलत असेल तर तो वाटेत आपणच पुठ्ठ्याला भोक पाडतो आणि बाहेर पडतो, त्याला चोर लागत नाही. दोनदा पिशव्या अशा परत मिळाल्या आहेत. चिठ्ठी नसती तर कुठल्या तरी बेवारस मालाच्या डब्यात गेल्या असत्या.

टेपबद्दल एक सांगते, कारण इथे बहुतेक जण चुकतात. वरची बाजू आपण प्रेमानं बंद करतो आणि तळ खोक्याच्या कारखान्यातून आलेल्या घडीवर एका पट्टीवर सोडतो. चोराचं पातं लागतं ते तळाला. मधली शिवण आणि दोन्ही कडा अशी तीन पट्ट्यांची टेप दोन्ही बाजूंना हवी. पाणी लावून चिकटवायची कागदी टेप त्याहून बरी. ती सोलायला गेलं की पुठ्ठ्याचं साल घेऊनच निघते, त्यामुळे कुणी उघडून पुन्हा बंद केलं तर दिसतं. परदेशी जाणारं पार्सल सीमाशुल्कवाले उघडतात तो भाग वेगळा, ते सहसा आपली छापील पट्टी लावतात.

आता वजनाचा गुण सांगते. एका गिऱ्हाइकाचा निरोप आला, झिप फूट नाही. मी एवढंच विचारलं की खोकं, आतला कागद, माल, सगळं आलं तसं पुन्हा भरून घरातल्या कुठल्याही काट्यावर ठेवता का? आकडा माझ्या फोटोतल्याशी दोन ग्रॅमांच्या फरकानं जुळला. म्हणजे फूट खोक्यातच होता. मी म्हटलं, चुरगळलेले कागद एकेक उलगडून बघा. अर्ध्या तासानं हसण्याच्या तीन चित्रांसह फोटो आला, कागदाच्या बोळ्यात फूट. मी जुनं वर्तमानपत्र वापरायचं बंद केलं ते तेव्हापासून (आपल्या अंकाची यात काही चूक नाही). भरण म्हणून आता एकाच रंगाचा कागद वापरते, आणि सर्वांत बारका नग खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवते.

वजनाला मर्यादा आहेत. सुयांचं पाकीट कुरियरच्या काट्यावर उमटतच नाही. त्यांचे काटे बऱ्याचदा दहा किंवा पन्नास ग्रॅमांच्या पायरीनं चालतात. दमट हवेत पुठ्ठा पाणी ओढतो आणि खोकं काही ग्रॅम जड भरतं. आणि सर्वांत मोठा घोळ म्हणजे पट्टीवर किंवा बिलावर छापलेलं वजन हे पुष्कळदा खरं वजन नसतंच. एक सद्गृहस्थ माझ्यावर भयंकर चिडले होते. मशीनचं कव्हर आणि फुटांचा डबा असं ३० बाय २० बाय १५ सेंटिमीटरचं खोकं होतं. पट्टीवर २ किलो छापलेलं. त्यांनी घरी काट्यावर ठेवलं तर ७४० ग्रॅम. त्यांनी लिहिलं, “सव्वा किलो माल कुठे गेला?” माल कुठेच गेला नव्हता. बरेच कुरियरवाले लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला ५००० नं भागतात, आलेल्या आकड्याला घनफळी वजन म्हणतात, आणि खरं वजन व हे वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे लावतात. ९००० भागिले ५००० म्हणजे १.८, तो आकडा पुढच्या अर्ध्या किलोला नेला की २. हवेचंही भाडं लागतं, हे त्यांना पटवायला दोन दिवस गेले. पटल्यावर मात्र त्यांनी आपणहून मला चांगला शेरा दिला.

आणि मग ते पार्सल, ज्यासाठी मी खरं तर लेखणी उचलली.

चुण्या घालायचा रफलर आणि इतर पाच नग. बंद खोक्याचं वजन १,३१५ ग्रॅम, फोटो आहे. गिऱ्हाइक शिवणकाम शिकवणाऱ्या बाई. त्यांनी कळवलं, रफलर नाही आणि तळाची टेप दुहेरी वाटते. मी सांगायच्या आत त्यांनीच खोकं काट्यावर ठेवून फोटो पाठवला होता, १,२३० ग्रॅम. फरक ८५. माझ्या वहीत रफलरचं वजन ८५. टेपचा फोटो बघितला तर माझ्या पारदर्शक टेपवर जराशी पिवळट, दुसऱ्याच रिळाची टेप. मी रफलर दुसरा पाठवला आणि कुरियरकडे तक्रार नोंदवली. मागणं एकच होतं. हे खोकं तुमच्या ज्या ज्या केंद्रात मशीनवरून गेलं, तिथलं नोंदलेलं वजन मला द्या.

मोठ्या छाटणी केंद्रांत पट्ट्यावरून सरकता सरकता खोक्याचं वजन, मोजमाप आणि पट्टीवरचा कोड एकदमच टिपणारी यंत्रं असतात. ही माझी अटकळ नव्हे. मला हे त्यांच्याच बिलांमुळे कळलं. मी सांगितल्यापेक्षा खोकं जड किंवा मोठं भरलं की तीन दिवसांत मला जादा आकारणी येते, आणि सोबत माझ्या खोक्याचा मशीनवरचा फोटो, आकड्यासकट, तारीख-वेळेसकट. मग त्याच मशीनचा, त्याच खोक्याचा आकडा मी कमी वजनासाठी मागितला तेव्हा उत्तर आलं, “ही अंतर्गत माहिती असल्याने पुरवता येत नाही.” पैसे घ्यायचे असले की आकडा माझा आणि द्यायचे असले की अंतर्गत. अकरा दिवसांनी “आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, पार्सल सुस्थितीत पोचल्याची नोंद आहे” असा संदेश आला.

सुस्थितीत पोचल्याची नोंद म्हणजे काय, तर दारात कुणी तरी सही केली किंवा फोनवर आलेले आकडे सांगितले. ती पावती खोक्याची असते. बंद खोक्याच्या आत काय आहे याची सही ना नेणारा करतो ना घेणारा, आणि तरी सगळा निवाडा तिच्यावर. विक्रेतेही हेच करतात. कार्डानं पैसे भरलेल्या गिऱ्हाइकानं बँकेकडे दाद मागितली की बँक विक्रेत्याकडे कागद मागते. आमच्यातले पुष्कळ जण पोच पावती जोडून मोकळे होतात आणि हरले की बँकेला नावं ठेवतात. बँकेकडे ‘माल मिळालाच नाही’ आणि ‘सांगितल्याप्रमाणे मिळाला नाही’ हे तक्रारींचे वेगळे कप्पे आहेत. एक नग कमी आला ही तक्रार पुष्कळदा दुसऱ्या कप्प्यात जाते. तिला पोच पावती जोडणं म्हणजे विचारलं एक आणि सांगितलं भलतंच. तिथे मांडलेल्या मालाचा आणि वजनाचा फोटो लागतो.

गिऱ्हाइकांनाही एक सांगायचंय, आणि त्यासाठी वकिली करणाऱ्या माझ्या भाच्यानं सांगितलेला एक खटला उपयोगी पडेल. १९७५ साली एका विमानप्रवाशाची बॅग फाटलेली निघाली. त्यानं विमानतळावरच तशी नोंद केली. घरी गेल्यावर लक्षात आलं की आतल्या काही वस्तूही नाहीत, पण ते त्यानं विमान कंपनीला कळवलं साधारण चार आठवड्यांनी. विमान वाहतुकीच्या त्या वेळच्या वॉर्सा करारात सामानाच्या ‘नुकसानी’ची तक्रार सात दिवसांत करायची होती. त्याचं म्हणणं, वस्तू नाहीशी होणं म्हणजे नुकसान नव्हे, तेव्हा ही मुदत मला लागू नाही. खालच्या दोन्ही कोर्टांनी त्याचं ऐकलं. १९८० साली ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा तेच तिथलं सर्वांत वरचं कोर्ट) मात्र ठरवलं की आतलं काही कमी होणं हेही नुकसानच, आणि मुदत टळली म्हणून दावा गेला. आज एका देशातून दुसऱ्या देशात विमानानं जाणाऱ्या मालाला १९९९ चा माँट्रियल करार लागतो. त्यात ही मुदत माल हातात आल्यापासून १४ दिवस आहे, आणि तक्रार न करता माल घेतला तर तो ठीक पोचला असंच आधी धरलं जातं. त्याच करारात भरपाईची कमाल हद्द ठरते ती पार्सलच्या वजनावर. किलोला २२ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची हिशेबी एककं, अशी होती, ती २८ डिसेंबर २०२४ पासून २६ झाली. दोन किलोच्या खोक्यात लोखंडी फूट असोत की घड्याळं, हद्द ५२ एककांचीच. पाठवताना किमतीची खास नोंद करून जादा आकार भरला असेल तरच ती वाढते. तेव्हा खोकं कपाटावर ठेवून ‘बघू सवडीनं’ म्हणणाऱ्यांनी निदान आलेल्या दिवशी ते उघडावं, आणि उघडण्याआधी तळाकडे एकदा नजर टाकावी.

पण यावरून कुणी गिऱ्हाइकाला ‘उघडतानाचा व्हिडिओ नाही तर तक्रार नाही’ असं सुनावत असेल तर तेही मला पटत नाही. विकण्याच्या पानावर ही अट मोठ्या अक्षरात नसेल तर ती भांडण झाल्यावर काढायचा कुणाला हक्क नाही. एकटं राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या माणसानं एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात फोन धरायचा का? शिवाय मला आलेल्या व्हिडिओंपैकी बरेच टेप कापून झाल्यावर सुरू होतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. सहाही बाजू दाखवून, मध्ये न थांबवता घेतलेला असेल तर उपयोग, नाही तर बंद खोक्याचा तराजूवरचा एक फोटो त्याहून भारी.

खोटं बोलणारी गिऱ्हाइकं नसतात असं माझं म्हणणं नाही. एकानं नवा शटल परत करतो असं सांगून घासलेला जुना पाठवला. मी प्रत्येक शटलच्या न दिसणाऱ्या बाजूला सुनेच्या जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका देते, परत आलेल्यावर तो नव्हता. ते भांडण मी जिंकले. पण असे लबाड मी चार वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजले आहेत. पॅकिंगच्या माझ्या स्वतःच्या चुका, पहिलीसकट, नऊ. आणि त्याहून जास्त वेळा प्रश्न निघाला तो आमच्या फोटोचा. चित्रात मशीन आणि फूट दोन्ही दिसायचे, विकायला मात्र फक्त फूट. सुनेनं फोटो बदलले आणि त्या तक्रारी थांबल्या. एकाच ऑर्डरची दोन खोकी करतो तेव्हा पहिल्यात ‘दुसरं वेगळं येत आहे’ अशी चिठ्ठी घातली, आणखी काही थांबल्या. बारक्या नगाची तक्रार पहिल्यांदाच आली असेल तर मी वाद घालत नाही, कपाट बघते, मग नग पाठवते. सूनबाई म्हणतात, “आई, तुम्ही फार सोडता.” सोडत असेनही.

तरी आमच्यासारख्यांनी कितीही वह्या ठेवल्या तरी मधला प्रवास आमच्या डोळ्याआड आहे. तिथे डोळे फक्त कुरियरच्या मशीनला आहेत. विक्रीची संकेतस्थळं पार्सल कुठल्या गावातून कुठल्या गावात गेलं हे मिनिटामिनिटाला दाखवतात. त्याच ओळीत, त्याच ठिकाणी नोंदलेलं खरं वजन ग्रॅममध्ये छापायला नवं यंत्र लागत नाही. आकडा विक्रेत्याला दिसावा आणि गिऱ्हाइकालाही. दारात उभ्या असलेल्या पोरालाही त्याचा फायदाच आहे. शॉर्टचा पहिला संशय नेहमी त्याच्यावर येतो आणि वजन जर आदल्याच केंद्रात घटलेलं असेल तर त्याच्या पगारातून कापायला कारण उरत नाही. आपल्या वृत्तपत्रानं ही मागणी कुरियर कंपन्यांपुढे आणि विक्री संकेतस्थळांपुढे मांडावी, त्यांचं उत्तर छापावं, अशी विनंती आहे.

शिवणकामाच्या बाईंना दुसरा रफलर मिळाला, त्यांचं काम सुरू झालं. कुरियरला मी गेल्या सोमवारी चौथं पत्र पाठवलं. माझ्या वहीच्या ४१ व्या पानावर ती नोंद अजून उघडी आहे. गेलं १,३१५, पोचलं १,२३०, मधला आकडा मागितला आहे.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव-पत्ता कार्यालयासाठी सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)